अंतरपाटाआडचं इंग्रजी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझ्या घरचे म्हणतात. मुलुंडच्या मराठी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यावर तो आणखी कुठे असणार? निवृत्त झाल्यावर मी शांत बसायचं ठरवलं होतं. पण नाहूरच्या एका सोसायटीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमच्या बायकांना इंग्लिश बोलायला शिकवा. लिहायला नको, वाचायला नको. नुसतं बोलायला." नुसतं बोलायला! म्हणजे नुसतं पोहायला शिकवा, पाण्यात नका उतरवू, असं म्हटल्यासारखंच. तरी मी हो म्हणून बसले.

वर्ग सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, दुपारी चारला. एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे सांगाडे, दुसऱ्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, आणि वर एक पंखा, जो वारा कमी आणि कुरकूर जास्त करायचा. बायका बहुतेक कोकणातल्या. सासरे गिरणीत होते, नवरे कुरियरमध्ये, बँकेत, कुणाचा रिक्षावर. आधी सगळ्या जवळच्याच चाळींमध्ये राहायच्या, चाळी पाडून हा टॉवर झाला तेव्हा लिफ्टसकट वर गेल्या. एकमेकींचं सगळं एकमेकींना ठाऊक. एकीच्या घरी मासे तळले की दुसरी मीठ किती पडलंय ते सांगायची.

व्याकरणाने सुरुवात करायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. निवृत्तीच्या जरा आधी घाटकोपरला आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या पोरसवदा प्रशिक्षक बाईंनी आम्हाला पाठीला पाठ लावून बसवलं. एकीच्या हातात चित्र, दुसरीच्या हातात कोरा कागद. पहिलीने चित्राचं वर्णन इंग्रजीत सांगायचं, दुसरीने ऐकून काढायचं. मला आधी हा पोरखेळ वाटला. पण आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई, ज्यांच्या तोंडून मी कधी इंग्रजीचं अक्षर ऐकलं नव्हतं, त्या माझ्या जोडीला होत्या आणि लाल होऊन ओरडत होत्या, "नो, नो! ट्री बिहाइंड हाउस! बिहाइंड!" त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायला दुसरा मार्ग नव्हता. ते माझ्या डोक्यात राहिलं.

म्हणून नाहूरला मी स्वयंपाकघराची दोन चित्रं करून नेली. दिसायला सारखीच, पण एकात कढई गॅसवर, दुसऱ्यात ओट्यावर. एकात मांजर खिडकीत, दुसऱ्यात फ्रिजवर. जोडीतल्या दोघींनी आपापलं चित्र लपवून, एकमेकींना इंग्रजीत विचारून फरक शोधायचे. मी नियम समजावून सांगितला, पाठ वळवली, खडू उचलला आणि परत वळले तर सगळ्यांचं शोधून झालेलं! एकमेकींच्या मांडीवर चित्रं ठेवून सगळ्या बोटं फिरवत होत्या.

"अगं, दाखवायचं नाही, सांगायचं!" मी ओरडले.

"बाई, पण दाखवलं की पटकन होतं ना," एकजण म्हणाली. आणि वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या काकू, ज्यांचं वय साठीच्या पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे, त्या मालवणीत म्हणाल्या, "दाखवन टाक गो बाय, कित्याक येवढी बोंबाबोंब?"

त्यांचं बरोबर होतं. एकमेकींपासून काही लपवायची ह्या बायकांना सवयच नव्हती. शेजारणीसमोर हातातलं झाकून बसणं म्हणजे त्यांच्या हिशेबी कोतेपणा. मी पाठीला पाठ लावून बसवलं, तर माना वळवून बघायच्या. मध्ये फाइली उभ्या केल्या, तर त्यावरून डोकावायच्या. दोन तीन वर्ग असे पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात गेल्यावर मी एकदा खुर्चीत बसूनच राहिले. म्हटलं, तुम्हीच सांगा आता काय करायचं ते.

काकू उठल्या, लिफ्टने घरी गेल्या आणि घडी केलेलं पांढरं कापड घेऊन आल्या. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. त्यांच्या धाकट्या लेकीच्या लग्नातला अंतरपाट. "ह्या मधे धरा," त्या म्हणाल्या. "हेच्याआडसून कोण कोणाक बघूचा नाय. बघला तर अपशकून."

आणि खरोखर कोणी बघेना. मुहूर्तापर्यंत समोरचं तोंड बघायचं नाही, हे ह्या बायकांच्या हाडीमाशी भिनलेलं. माझ्या नियमाला कोणी विचारत नव्हतं, अंतरपाटाला सगळ्या मानत होत्या. दोघी जणी दोन टोकं धरून उभ्या राहायच्या, दोन बाजूंना दोघी समोरासमोर खुर्चीत. कापडाआडून आवाज यायचा, "व्हेअर युवर कॅट?" "माय कॅट, फ्रिज वर!" "वर नाय गो, ऑन!" वेळ संपली की सगळ्या मिळून ओरडायच्या, "शुभमंगल सावधान!" मग अंतरपाट खाली यायचा, दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची आणि हसून हसून पुरेवाट व्हायची. कोणीतरी चुरमुरेही आणले होते, अक्षता म्हणून टाकायला. अर्धे खाल्ले जायचे.

वर्ग असा रंगात आला असताना ती आली. तिला सगळ्या हॉटेलवाली म्हणायच्या, कारण ती अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला होती. सकाळची पाळी संपवून घाटकोपरपर्यंत मेट्रोने यायची आणि थेट वर्गात. केस घट्ट बांधलेले, अंगाला साबणाचा वास, आणि खुर्चीत बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसायची.

तिचं काय ते पहिल्याच दिवशी तिने सांगितलं. गुडघे गेले होते. दिवसभर बाथटब घासायचे, गाद्या उचलायच्या, वाकायचं, उठायचं. डॉक्टरांनी हे काम बंद करायला सांगितलं होतं. हॉटेलात एक बसून करायची जागा रिकामी होणार होती, हाउसकीपिंगच्या डेस्कवर. पाहुणे खोलीतून फोन करतात, टॉवेल पाठवा, इस्त्री पाठवा, उशी पाठवा. ते ऐकून घ्यायचं आणि माणूस पाठवायचा. गणपतीनंतर त्या जागेची परीक्षा होती, आणि ती परीक्षा फोनवरच होती.

"ती जागा मिळाली तर ठीक," ती म्हणाली. "नाही तर घरी बसायचं. बाई, मी घरी बसणारी नाही ओ. माझं जाम डोकं फिरेल."

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, हे सांगून टाकते. आणि त्यामुळेच तिच्यावर मी सर्वांत जास्त चिडले.

तिला शब्द पुष्कळ यायचे. पिलोकेस, बाथरोब, हेअर ड्रायर, मिनीबार, माझ्यापेक्षा जास्तच. मी निश्चिंत होते. तिला अंतरपाटासमोर बसवलं. पलीकडे काकू, कोरा कागद घेऊन; विचारून विचारून हिच्या हातातलं चित्र काढायचं. काकूंनी विचारलं, "युवर चित्रात डॉग आहे?" उत्तर नाही. परत विचारलं. उत्तर नाही. मी पुढे होऊन बघते तर बाईसाहेब तोंडभर हसून मान हलवताहेत! हॉटेलात शिकवलेलं ते गोड हसू आणि ती अदबीने झुकणारी मान. तिचं निम्मं इंग्रजी मानेत होतं.

काकूंना मी सांगितलं तशा त्या उसळल्या. "अगो, मान कित्याक हलयतंस? माका दिसता काय?"

सगळ्या हसल्या, तीही हसली. मग ती बोलायला लागली, पण बोलायची एकच शब्द. येस. कप लाल आहे का? येस. निळा आहे का? येस. सावधान झालं, अंतरपाट उतरला, तर काकूंच्या कागदावर तीन मांजरं, दोन फ्रिज आणि एक कुत्रा. तिच्या चित्रात ह्यातलं काहीच नव्हतं. मी फाडकन म्हटलं, "अगं, नाही म्हणायला काय जातं तुझं?"

ती गंभीर होऊन म्हणाली, "बाई, गेस्टला नाही म्हणायचं नसतं."

इतक्या वर्षांचं हॉटेल तिच्या अंगात मुरलं होतं. खोलीत कोणी काही बोललं की हसायचं, येस सर म्हणायचं आणि बाहेर पडून सुपरवायझरला गाठायचं. कळलं नाही असं पाहुण्याला सांगणं म्हणजे उद्धटपणा. समोरासमोर असताना हे खपून जायचं. पाहुणा बोट दाखवायचा, ती वस्तू बघायची. फोनवर कोणाचं बोट दिसणार? फोनवर नुसतं येस म्हणून ठेवून दिलं तर टॉवेल मागणाऱ्याच्या दारात इस्त्री जाईल. मला रात्री जेवतानासुद्धा तेच डोक्यात. गणपती जवळ येत होते आणि ही बाई येसच्या पुढे सरकत नव्हती.

शेवटी एक दिवस माझा संयम संपला. मी स्वतः अंतरपाटाच्या पलीकडे जाऊन बसले. म्हटलं, आता मी गेस्ट. नाकातून, भरभर, शब्द गिळत बोलायला लागले. "हॅलो, सेंड टू टॉवेल्स." येस मॅडम. "अँड वन आयर्न." येस मॅडम. "अँड वन एलिफंट."

"येस मॅडम."

कापड धरणाऱ्या दोघींच्या हातून कापड सुटायची वेळ आली. मी हसू दाबून पुढे म्हटलं, "बिग एलिफंट. क्विक."

"येस मॅ..." आणि ती थांबली. मग ती एकदम मराठीत भडकली. "ओ बाई, मस्करी काय करता! मी हत्ती कुठून आणू?"

"मग सांग ना तसं! मला काय माहीत तुझ्याकडे हत्ती नाही ते?"

"नो एलिफंट!" ती ओरडली. "नो एलिफंट, मॅडम! हॉटेल मध्ये एलिफंट नॉट!"

हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या की वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात येऊन बघून गेले. माझा लाल पेन घेतलेला हात शिवशिवत होता. नॉट कुठे आला, वाक्य कुठे तुटलं, सगळं मला दिसत होतं. पण तिने पहिल्यांदा पाहुण्याला नाही म्हटलं होतं आणि पाहुण्याने तिला खाल्लं नव्हतं. मी पेन पर्समध्ये टाकला. खरं सांगते, ते मला फार जड गेलं.

त्यानंतर सगळ्या तिच्यामागे लागल्या. रोज कोणीतरी पाहुणी व्हायची. एकीने खोलीत सुके बोंबील मागवले. एकीने, "माय मदर-इन-लॉ टेक अवे," असा फोन केला. एकजण मुद्दाम कुजबुजायची, एकजण तोंडात सुपारी ठेवून बोलायची. आणि हॉटेलवाली अंतरपाटाआडून, कपाळाला आठ्या घालून, हळूहळू उत्तरं द्यायला लागली. "सॉरी मॅडम, बोंबील नॉट पॉसिबल. अदर थिंग यू वॉन्ट?" "मॅडम, आय नॉट अंडरस्टँड. प्लीज टेल अगेन." हे शेवटचं वाक्य तिने स्वतः जुळवलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. एकदा केलं होतं, तर ती माझं दुरुस्त वाक्य आठवता आठवता पाहुणीचं काम विसरली. तेव्हापासून तोंड बंद ठेवलं.

गणपतीत वर्ग ओस पडला. सगळ्या गावी. हॉटेलवालीला मात्र सुट्टी मिळाली नाही, आणि परीक्षा तर पुढच्याच आठवड्यात. मी म्हटलं, तू माझ्या घरी ये, आपण दोघी करू. तर ती म्हणाली, "नको बाई. काकू करतात फोन."

काकू कणकवलीकडच्या आपल्या गावाहून रोज संध्याकाळी तिला फोन करत होत्या! घरात रेंज नाही म्हणून मागच्या चढावर, फणसाखाली जाऊन उभ्या राहायच्या आणि गेस्ट व्हायच्या. एकदा मी तिच्या घरी होते तेव्हा तिने फोन स्पीकरवर टाकला. मागे आरतीच्या झांजा, कोणाचं तरी पोर रडतंय, आणि मध्येच काकूंचा आवाज, "हॅलो! टॉवेल ब्रिंग! रूम नंबर..." आणि खरखर. लाइन तुटत होती.

"मॅडम, रूम नंबर नॉट हिअर. टेल अगेन."

"अगो, रेंज नाय हा!"

"मॅडम, इंग्लिश," ती ठामपणे म्हणाली.

"नो रेंज! रूम टू झिरो..." खरखर.

"टू झिरो व्हॉट, मॅडम? स्लो."

मी तिथे बसून बघत होते. वर्गातली चित्रं, हत्ती, बोंबील, सगळं शेवटी नाटकच होतं. खोली क्रमांक तिला माहीत नाही असं आम्ही मानायचो. इथे तिला खरंच ऐकू येत नव्हतं, आणि खरंच विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. तिने तीन वेळा विचारलं. एकदाही येस म्हणाली नाही. मी इतकी वर्षं शिकवलं, पण कुठलीही शिक्षिका आखू शकली नसती असा धडा त्या फणसाखाली चालला होता, आणि मला त्याचा जराही हेवा वाटला नाही. बरं, थोडासा वाटला.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून कामात लक्ष घालू शकले नाही. डाळ करपली. नवरा म्हणाला, "परीक्षा तुझी आहे की तिची?" मला भीती वाटत होती. तिला मी भूतकाळ शिकवला नव्हता, "डज"ची ओळख नीट करून दिली नव्हती. समोर कोणी टापटीप साहेब बसून तिची वाक्यं मोजणार आणि म्हणणार, हे काय इंग्रजी? मग मी तिला कुठल्या तोंडाने भेटणार?

ती संध्याकाळी आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाई, वाट लागली."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं. एका खोलीत फोन, दुसऱ्या खोलीतून कोणीतरी पाहुणा बनून बोलत होता, आणि तो मागेल ते कागदावर लिहून घ्यायचं होतं. आवाज जाड, उच्चार परदेशी, बोलणं सुसाट. "आय नॉट अंडरस्टँड सर, प्लीज टेल स्लो," असं तिला तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्या वेळी तो चिडला. म्हणाला, जस्ट सेंड इट!

"मग?" मी विचारलं.

"मग मला पण राग आला ओ. मी म्हटलं, सर, व्हॉट आय सेंड? यू टेल राइट, आय सेंड राइट." तिने डोक्याला हात लावला. "गेस्टला असं बोलतात का? त्याने एकेक शब्द तोडून सांगितलं आणि फोनच आपटला. माझ्यानंतरच्या मुलीचं बाहेर ऐकू येत होतं, ती नुसती येस सर, शुअर सर. एकदम झकास बोलत होती."

छान केलंस, असं म्हटलं, पण माझाच आवाज मला पटला नाही. ती उठून गेली तेव्हा गुडघ्यांवर हात दाबून उठली आणि मला दारापर्यंत जाववेना.

पुढचे काही दिवस तिचा फोन नाही. वर्ग सुरू झाला, बायका गावाहून परत आल्या, पिशव्यांतून काकड्या, कोकमं, नारळ आले. तिच्याबद्दल सगळ्या मला विचारायच्या आणि मी सगळ्यांवर खेकसायचे.

मग एका दुपारी ती आली. चार वाजायच्या आत, कपडे वेगळे, निळी साडी आणि छातीवर नावाची पट्टी. दारात उभी राहून काही बोलेचना. काकू म्हणाल्या, "मान हलय मां आता! हो की नाय ता तरी कळांदे!" आणि तिने मान हलवली, एवढी जोरात की नावाची पट्टी तिरकी झाली.

जागा मिळाली होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला सांगितलं की फोनवर काय मागितलं ते नीट लिहून घेणारी ती एकटीच होती. बाकी सगळ्यांनी गोड बोलून भलतंच लिहिलं होतं. तिच्या वाक्यांचा त्यांनी विषयही काढला नाही. ते ऐकून काकू रडल्या, मग बाकीच्या रडल्या, मग कोणीतरी नारळ फोडला.

डेस्कची पाळी दुसऱ्या दिवसापासून दुपारची होती, म्हणजे वर्गाला तिचं येणं बंद. तो तिचा शेवटचा दिवस होता. सगळ्या म्हणाल्या, बाई, चार शब्द बोला, इंग्लिशमध्ये. मी उभी राहिले. मला फार काही वाटत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी जे सुरू केलं ते भाषणच होतं. चिकाटी, आत्मविश्वास, उज्ज्वल भविष्य, ह्या सगळ्याचे मोठमोठे इंग्रजी शब्द, शाळेच्या निरोप समारंभाला घोकलेले, एकामागून एक, न थांबता. बायका आदराने माना डोलवत होत्या.

ती नव्हती डोलवत. तिने हात वर केला.

"मॅडम," ती म्हणाली, "आय नॉट अंडरस्टँड. प्लीज टेल स्लो."

मी थांबले. परत सुरुवात करायला गेले, तर तेच मोठे शब्द जिभेवर. ती माझ्याकडे बघत थांबली होती, अगदी शांतपणे. समजल्याशिवाय हलणार नव्हती. शेवटी मी म्हटलं, "आय विल मिस यू. आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू." एवढंच.

"हां," ती म्हणाली, "आता कळलं," आणि जवळ येऊन तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.